डेटलेफच्या पाठीवरचा माझा संसार

मी बुरशी बोलतेय. दचकू नका, आणि लगेच खाजवायलाही लागू नका. माझं नाव काढलं की माणसाचा हात आपोआप पाठीकडे जातो, हे मला चांगलं ठाऊक आहे.

पावावर बसते ती मी नव्हे. ती आमची लांबची नातेवाईक, जरा उठवळच आहे; आज पावावर, उद्या लोणच्यावर. मी घरंदाज. माणसाच्या कातडीवर राहते, कातडीवरच्या तेलावर पोट भरते, आणि मनासारखं हवापाणी मिळालं की अंगावर पांढुरके ठिपके उमटवते. तुम्ही त्याला शिबं म्हणता. तशा आम्ही लाखोंनी आहोत, पण बोलायचं एकीनंच, नाहीतर गलका होतो.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नाक मुरडायला नको. मी घाणीतून येत नाही. एकाची दुसऱ्याला चिकटत नाही. मी तुमच्याही पाठीवर आहे, आत्ता, या क्षणी. शांत बसले आहे म्हणून तुम्हाला पत्ता नाही, इतकंच.

माझं घर म्हणजे डेटलेफ कालिनोव्स्कीची पाठ. गाव बोट्रोप, रूर खोऱ्यातलं. डेटलेफ आता छप्पन्न वर्षांचा आहे. डोक्यावर औषधालाही केस नाही, पोट पुढे, पाठ रुंद, आणि रंग भाजलेल्या चेस्टनटसारखा. हा रंग जन्माचा नाही हं, कमावलेला आहे. त्याची हकिगत पुढे येईलच.

तो तेरा वर्षांचा झाला, अंगाला तेल सुटायला लागलं, तेव्हा माझा संसार खरा सुरू झाला. सोळाव्या वर्षी तो कोळशाच्या खाणीत लागला. हजार मीटर खाली! काय सांगू तुम्हाला ते सुख! उकाडा, घाम, अंधार. मी हरखून गेले. म्हटलं, आता सात पिढ्यांची ददात मिटली.

पण कामाची पहिलीच पाळी संपली आणि माझ्यावर संकट कोसळलं. त्याचं नाव एवाल्ड.

खाणीवर एक मोठं न्हाणीघर होतं. वर छताला साखळ्यांनी टांगलेले कपडे, खाली शंभरभर काळेठिक्कर पुरुष, उघडे. ज्याची त्याची पाठ ज्याच्या त्याच्या हाताला पोचत नाही, म्हणून तिथला रिवाज असा, की शेजाऱ्याची पाठ आपण घासायची आणि आपली शेजाऱ्यानं. डेटलेफ पहिल्या दिवशी कोपऱ्यात लाजून आखडून उभा होता. तेवढ्यात एकोणीस वर्षांचा एक धिप्पाड गडी आला, साबण उगारून म्हणाला, "वळ. पाठ दे."

तो एवाल्ड प्शिबिल्स्की. हात होते की खरवडणी, देव जाणे. पुढची तेहतीस वर्षं, पाळी संपली की "पाठ दे!" आणि माझ्या कितीतरी पिढ्या गटारात. तरी मी टिकले. चिवटपणात आम्ही कुणाला हार जात नाही.

मग एक दिवस खाण बंद झाली. मोठमोठी माणसं आली, भाषणं झाली, बँड वाजला, आणि एवाल्ड आणि डेटलेफ शेवटचे वर आले ते वरच राहिले. डेटलेफला निवृत्तिवेतन लागलं. बायको त्याच्या आधीच गेली होती. वर नव्हे, हॅनोव्हरला, एका दंतवैद्याबरोबर.

दुसऱ्याच दिवशी डेटलेफ उटेच्या दुकानात गेला. उटेकडे कृत्रिम उन्हाच्या सहा पेट्या आहेत. आत निजायचं, झाकण ओढायचं, निळा उजेड लागतो आणि माणूस खरपूस होऊन बाहेर येतो.

"किती मिनिटं लावू?" उटेनं विचारलं.

"उटे, हिवाळ्यात अंधारात खाली जायचो, अंधारात वर यायचो. सूर्य रविवारी दिसायचा, तोही ढगाआड. मला तेहतीस वर्षांचा उपास सोडायचाय."

"आठ मिनिटं लावते," उटे म्हणाली. "उपास सोडताना एकदम जेवू नये."

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी पेटी. वर अंगाला चोपडायला नारळाच्या वासाचं तेल. आता तुम्हीच सांगा, बंद पेटी, उकाडा, घाम, त्यावर तेल, आणि पाठ घासायला कुणी नाही! मी काय करायला हवं होतं? उपाशी राहायला हवं होतं? मी पसरले. आधी चोरपावलांनी, आणि या हिवाळ्यात तर खांद्यापासून कमरेपर्यंत वाड्या वसवल्या.

माझी एक खोड आहे. मी जिथे बसते तिथे कातडीला ऊन लागून रंग चढत नाही. बाकीची पाठ तपकिरी, माझी वाडी पांढरी. मला ती नक्षी वाटते. माणसांना नाही वाटत. आणि इथे मला एक अन्याय बोलून दाखवायचाय. उटेच्या गल्ल्यापाशी छोटे स्टिकर असतात, बदामाचे, चांदणीचे. बायका ते कमरेवर चिकटवून पेटीत निजतात, मग स्टिकर काढला की तेवढा भाग गोरा राहतो, आणि "अय्या, किती गोड!" करत एकमेकींना दाखवतात. स्टिकरनं पांढरं केलं की गोड, आणि मी केलं की रोग! हा कुठला न्याय?

असो. आता भांडणाचं सांगते, कारण सगळं तिथूनच बिघडलं.

एवाल्ड आणि डेटलेफ यांच्या बागा भाड्याच्या छोट्या बागांच्या कॉलनीत शेजारी शेजारी आहेत, मध्ये फक्त हिरवं कुंपण. डेटलेफच्या बागेत टोमॅटो आणि शेगडी, एवाल्डच्या बागेत शर्यतीची कबुतरं. गेल्या वर्षी मार्चमध्ये कोपऱ्यावरच्या टपरीपाशी दोघं बिअर पीत उभे होते, आणखी पाच-सहा जण होते. एवाल्डला चढली की त्याच्या जिभेला हाड राहत नाही.

"डेटलेफ, लेका, आरशात बघ एकदा," तो म्हणाला. "तू आता कोळशातला माणूस राहिला नाहीस. तू टोस्टरमधला पाव झालास!"

सगळे हसले. डेटलेफच्या वर्मी लागलं. तो म्हणाला, "आणि तुझी ब्रुनहिल्ड? शर्यतीतून दोन दिवसांनी घरी आली! उडत नाही आली ती, रेल्वेनं आली. हामच्या स्टेशनावर गाडी बदलून."

सगळे आणखी मोठ्यानं हसले. ब्रुनहिल्ड म्हणजे एवाल्डची लाडकी कबुतरीण. एवाल्डनं बाटली खाली ठेवली आणि चालू लागला. त्या दिवसापासून अबोला. कुंपणापलीकडून शिंक आली तरी इकडून कुणी "बरं आहे ना?" विचारायचं नाही. चौदा महिने!

त्या आठवड्यात डेटलेफनं उटेला आणखी एक काम सांगितलं. काय, ते मी नंतर सांगेन. मला माहीत होतं, कारण ते माझ्या शेजारीच झालं. पण मी भोचक नाही.

या एप्रिलमध्ये मी उघडी पडले. डेटलेफ पेटीतून उठून टॉवेल शोधत होता. उटे म्हणाली, "डेटलेफ, तुझ्या पाठीवर पीठ सांडलंय का रे?"

"कसलं पीठ?"

तिनं मोबाइलवर फोटो काढून दाखवला. डेटलेफ मट्कन स्टुलावर बसला. मग हळूच म्हणाला, "उटे, ही खाण आहे. इतकी वर्षं आत साठलेला अंधार आता ठिपक्याठिपक्यांनी बाहेर येतोय."

"अंधार पांढरा कसा असेल, येड्या?" उटे म्हणाली. "डॉक्टरला दाखव."

कातडीच्या डॉक्टरकडे फोन केला तर तारीख मिळाली नोव्हेंबरची. मग डेटलेफनं स्वतःच डोकं चालवलं. आणि डोकं असं चालवलं, की ठिपक्यांना ऊन कमी पडतंय! आठवड्यातून दोनदाच्या जागी चारदा पेटीत. तेल दुप्पट. अहो, मी ढेकर देऊन देऊन थकले. बाकीची पाठ आणखी काळवंडली, आणि माझ्या वाड्या तिच्यावर अशा उठून दिसायला लागल्या की आंधळ्यालाही दिसाव्यात. करायला गेला गणपती, झाला मारुती!

त्याचा जीव का टांगणीला लागला होता, तेही सांगते. जूनच्या पहिल्या रविवारी जुन्या पाळीचे सगळे गडी कॉलनीत जमतात. शेगडी डेटलेफची. गेल्या वर्षी पावसानं बेत बुडाला, एरवी खाण सुटल्यापासून दरवर्षी तो उघड्या अंगानं सॉसेज भाजत आलाय. ते त्याचं मिरवणं असतं. आता शर्ट घालून उभा राहिला तर दहा जण विचारणार. काढला तर एवाल्डला दिसणार. पाव तर होताच, आता बुरा आलेला पाव! एवाल्ड मरेपर्यंत हसला असता, आणि मेल्यावरही त्याच्या थडग्यातून खुसखुस ऐकू आली असती.

शेवटी मेच्या अखेरीस तो औषधांच्या दुकानात गेला. तिथल्या फ्राऊ ओझदेमिर म्हणजे पक्क्या बाई. त्यांनी त्याला मागच्या खोलीत नेलं, पाठ पाहिली, आणि एक बाटली हातात ठेवली.

डेटलेफनं वाचलं. "फ्राऊ ओझदेमिर, हा कोंड्याचा शाम्पू आहे."

"हो."

डेटलेफनं टोपी काढली. टक्कल चमकलं. "रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं झालं हे!"

"हेर कालिनोव्स्की, डोक्याला नाही, पाठीला लावायचाय." त्यांनी हसू दाबलं. "मानेपासून कमरेपर्यंत फेस करायचा, दहा मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुवायचा. पाच दिवस. तेल बंद. आणि ती पेटी बंद, खरं तर कायमचीच बंद करा. बुरशी मरेल. रंग सारखा व्हायला मात्र काही महिने जातील."

बुरशी मरेल! किती सहज म्हणाल्या! पण मला एक दिलासा होता. पाठीला हात पोचवणार कोण?

पहिल्या दिवशी त्यानं घरी न्हाणीत प्रयत्न केला. सॉसेज उलटायच्या चिमट्यात स्पंज धरला आणि खांद्यावरून मागे नेला. माझ्यापर्यंत पोचायच्या आत पाय घसरला, पडदा दांडीसकट खाली आला, आणि शाम्पू लागला तो फरशीला. मी पोट धरधरून हसले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, दुपारी तो बागेत गेला. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यानं काथ्याचं पायपुसणं अवजारांच्या खोपटाच्या दारावर खिळ्यांनी ठोकलं. त्यावर शाम्पू ओतला, शर्ट काढला, आणि दाराला पाठ लावून वरखाली घासायला लागला. अस्वल झाडाला घासतं ना, अगदी तसं. खोपट करकरत होतं, फेस चड्डीत उतरत होता, आणि डेटलेफ सुखानं हुंकारत होता.

कुंपणावर एक डोकं उगवलं.

"झटका आलाय का तुला?"

चौदा महिन्यांतलं पहिलं वाक्य! डेटलेफ जागच्या जागी थिजला.

"नाही."

"मग दाराशी लगट कसली चाललीय?"

"पाठ खाजतेय."

"फेस येतोय."

"माझी पाठ, माझा फेस. तू तुझी कबुतरं सांभाळ."

"माझी कबुतरं पायपुसण्याला अंग घासत नाहीत," एवाल्ड म्हणाला.

डेटलेफ रागानं तरातरा खोपटात जायला वळला, आणि वळला म्हणजे पाठच केली की! मी सगळ्या वाड्यांसकट एवाल्डच्या समोर. झालं, संपलं. आता हसू फुटणार, म्हणून मी कान टवकारले. मला कान नाहीत, पण टवकारले.

पण हसू नाहीच आलं. मग फाटक वाजलं. एवाल्ड वळसा घालून आत आला होता आणि बाह्या दुमडत होता.

"वळ," तो म्हणाला.

"घरी जा, एवाल्ड. तू हसशील."

"हसणारच आहे. आधी पाठ दे."

 डेटलेफनं खोपटाच्या भिंतीला दोन्ही हात टेकले आणि मान खाली घातली, न्हाणीघरात घालायचा तशी.

आणि ते हात आले. सात वर्षांनी! जाड, खरबरीत, अंगठ्याला तीच जुनी गाठ. खांद्याच्या फऱ्याखाली, मणक्याच्या पन्हाळीत, कमरेच्या वर, एक जागा सोडली नाही मेल्यानं. मला रडू यायला हवं होतं. खरं सांगते, ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

"आता धू," डेटलेफ म्हणाला.

"बाटलीवर दहा मिनिटं लिहिलंय. थांब, कबुतरांचं घड्याळ आणतो. शर्यतीचं आहे, ते सेकंदसुद्धा चुकत नाही."

"कबुतरंच चुकतात," डेटलेफच्या तोंडून निघून गेलं.

एवाल्ड फाटकापाशी थबकला. मला वाटलं, गेला हा! पण तो गेला आणि घड्याळ घेऊन परत आला. बादली उपडी घालून बसला. डेटलेफ फेस थापलेला उभा. दहा मिनिटं पळून जायची सोय नव्हती.

तिसऱ्या मिनिटाला एवाल्ड म्हणाला, "ब्रुनहिल्ड गेली. या मार्चमध्ये."

"माहीत आहे. तू तिला नासपतीच्या झाडाखाली पुरलंस. मी कुंपणाशी उभा होतो."

"मग आत का नाही आलास?"

"तू मला टोस्टर म्हणालास."

"टोस्टर नाही, पाव म्हणालो. टोस्टर उटेचा."

"मला वाईट वाटलं होतं रे," डेटलेफ म्हणाला. "पावाचंही, आणि ब्रुनहिल्डचंही."

एवाल्डनं नाक ओढलं. "हाममध्ये गाडी बदलायला लागते, हे मात्र खरं," तो म्हणाला, आणि दोघं फिस्सकन हसले. डेटलेफचा फेस हलला.

दहा मिनिटं झाली. बागेच्या नळीनं गार पाणी! डेटलेफ कोकलला. एवाल्ड घासत होता, घासत होता, मग एकाच जागी घासत राहिला. उजव्या खांद्याच्या फऱ्यावर.

"हे निघत नाहीये. बाकीच्या ठिपक्यांवरचा कोंडा तरी सुटतोय, हे काही हलत नाही."

"ते निघायचं नाही."

एवाल्डनं चष्मा पुसला आणि नाक जवळ नेलं. तिथे मी नव्हते. तिथे बोटभर लांबीची दोन अवजारं होती, एकमेकांवर फुली घातलेली. हातोडा आणि छिन्नी, खाणीच्या फाटकावर असायची तशी. डेटलेफनं स्वतः कात्रीनं स्टिकर कापला होता, आणि प्रत्येक वेळी पेटीत शिरण्याआधी उटेकडून त्याच जागी चिकटवून घेत होता.

"हे कधीपासून?" एवाल्डनं विचारलं.

"तू म्हणालास ना, कोळशातला राहिलो नाही म्हणून. त्या आठवड्यापासून."

एवाल्डनं नळ बंद केला. 

"शर्ट घाल, गारठशील," तो म्हणाला. "उद्या याच वेळी."

पाच दिवस तो आला. माझं काय झालं असेल, कल्पना करा. वाड्याच्या वाड्या वाहून गेल्या. शनिवारी मी मूठभर उरले.

रविवार उजाडला. कडक ऊन, कॉलनीत तीसएक गडी, बिअरची पिंपं. आणि डेटलेफ शेगडीपाशी, गळ्यापर्यंत बटणं लावून, घामानं निथळत. कारण बाईंनी सांगितलं होतं तेच झालं होतं. मी गेले होते, पण माझ्या खुणा जागच्या जागी होत्या.

"डेटलेफ, आजारी आहेस का?" कुणीतरी विचारलं.

डेटलेफनं सॉसेज उलटलं. 

तेव्हा एवाल्ड आला. त्यानं शेगडीसमोर उभं राहून बटणं काढायला सुरुवात केली. स्वतःची! एवाल्डला खाणीच्या न्हाणीघराबाहेर उघडा कुणी पाहिला नव्हता. दह्याच्या चक्क्यासारखं पांढरं अंग सगळ्यांसमोर आलं. "आता काढ," तो डेटलेफला म्हणाला. "हसायचंच असेल तर दोघांवर हसू दे लेकांना."

डेटलेफनं शर्ट काढला. आणि हसले हो सगळे, मनसोक्त हसले. "एकावर पीठ सांडलंय, दुसरा पिठातच पडलाय!" कुणी ओरडलं. मग एकानं डेटलेफच्या खांद्यावरची हातोडा-छिन्नी पाहिली, दुसऱ्याला कोपरानं खुणावलं, आणि कुणीतरी त्याच्या हातात न मागता बिअर आणून दिली.

एवाल्ड पाव आणायला टेबलाकडे वळला. डेटलेफची नजर त्याच्या पाठीवर गेली आणि तिथेच खिळली.

गोऱ्या कातडीवर आम्ही पांढऱ्या दिसत नाही. फिकट तपकिरी दिसतो. एवाल्डच्या पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, माझी चुलत बहीण ऐसपैस पसरली होती. सात वर्षं! कुणाला दिसणार? त्याच्या पाठीकडे बघायला तरी कोण होतं?

डेटलेफनं चिमटा खाली ठेवला.

"एवाल्ड."

"काय?"

"वळ."

"सॉसेज करपतायत, येड्या."

"करपू देत," डेटलेफ म्हणाला, आणि खोपटातून बाटली घेऊन आला. "पाठ दे."

सॉसेज करपलीच. तीस माणसांनी कोळसा खाल्ला आणि कुणी तक्रार केली नाही.

आता दर शनिवारी दोघांचा हाच उद्योग असतो. मध्ये कबुतरांचं घड्याळ, दोन बादल्या, दहा-दहा मिनिटं. डेटलेफ पेटीत जात नाही. बागेत सकाळचं ऊन खातो, टोपी घालून. माझे ठिपके पुसट होत चाललेत, आणि माझ्या बहिणीचं तर नावनिशाण राहिलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग ही बोलतेय कोण? मी उरलेय थोडीशी. माझी काही कुणाविषयी तक्रार नाही. खाऊनपिऊन सुखी आहे, शनिवारी ते दोघं भांडतात तेव्हा करमणूकही होते. फक्त एक हात जोडून विनंती आहे. मला हात नाहीत, पण जोडले असं समजा. कधी बोट्रोपला गेलात आणि कुंपणापाशी फेसानं माखलेले दोन म्हातारे दिसले, तर त्यांना रामराम करा, बिअर देतील ती प्या. पण डेटलेफच्या डाव्या कानामागे अजून कुणाचा हात पोचलेला नाही, एवढं मात्र एवाल्डला सांगू नका.